ओट्यावरच्या सात पट्ट्या: वरच्या मजल्यावरच्या काकूंना

काकू,

तुमचे आभार मानायला लागलं की तुम्ही "पुरे गं" म्हणून जिना चढायला लागता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. निदान मध्येच तोडता तरी यायचं नाही.

गेल्या नाताळच्या आधी तुम्ही डबा परत द्यायला आलात आणि दारातूनच म्हणालात, "ओटा कुठे गेला?" खरंच गेला होता. मुळात तो 180 सेंटिमीटरचा. सिंकनं 50 खाल्लेले, शेगडीनं 60. उरलेल्या 70 सेंटिमीटरमध्ये मी हातभर उंचीचं झाड, कापसाचा बर्फ, तीन मेणबत्त्या आणि चमकी लावलेलं एक हरीण असा संसार मांडला होता. भाजी मांडीवर ताट घेऊन चिरत होते. मळलेल्या पिठात चमकी निघाली होती. कापसाची शेगडीकडची कड तपकिरी झाली होती, ती मी आत दुमडून ठेवली होती. तुम्ही नेमकी तीच उलगडून पाहिलीत आणि एक शब्दही बोलला नाहीत. ते जास्त लागलं.

मग तुम्ही वर जाऊन मोजपट्टी आणि कागदी चिकटपट्टी घेऊन आलात. मला वाटलं, आता हे झाड कुठे सरकवायचं ते सांगाल. तुम्ही म्हणालात, "सगळं उचल. आणि रोजचा स्वयंपाक कर. मी बघत बसते." स्टुलावर बसून तुम्ही खरोखर बघत बसलात. माझा हात जिथे टेकला तिथे एक पट्टी. चिरायच्या जागेला एक. गरम पातेलं उतरवते तिथे एक. ओला चमचा मी नेहमी एकाच ठिकाणी ठेवते, हे मला स्वतःला त्या दिवशी कळलं, तिथेही एक. स्वयंपाक झाला तेव्हा सात पट्ट्या झाल्या होत्या. हात एकदाही गेला नव्हता तो फक्त दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात. तुम्ही मोजलंत: 30 बाय 25. "एवढी तुझी नाताळची जमीन. बाकीचं हवेत."

हवेतलं मला आधी पटलं नव्हतं. पण ओटा आणि वरचं कपाट यांच्यामध्ये माझ्याकडे 45 सेंटिमीटरची पोकळी आहे आणि ती वर्षभर नुसती अंधारी असते. तुम्ही एलईडीची माळ कपाटाच्या तळाला, पुढच्या कडेच्या आतून लावायला सांगितलीत. दिवे दिसत नाहीत, टाइल्सवर नुसता पिवळसर उजेड उतरतो. ओट्यावर काहीही न ठेवता ओटा सजला होता. (वायर शेगडीवरून किंवा नळाच्या वरून न्यायची नाही, आणि लहान मूल येणाऱ्या घरात बटण-सेलची माळ नको, साधे पेन्सिल सेल बरे, ही तुमची दोन्ही वाक्यं मी आता इतरांना माझी म्हणून सांगते.)

चिकटणाऱ्या हुकांची गोष्ट मात्र तुम्हाला सांगितली नव्हती. पहिल्या रात्री माळ हुकांसकट सिंकमध्ये पडली. मी घाईनं साबणाच्या फडक्यानं पुसून लगेच टांगली होती. स्वयंपाकघरातल्या कपाटाला तेलाचा पातळ थर असतोच, हाताला लागत नाही इतका. मग स्पिरिटनं पुसलं, कोरडं होऊ दिलं, हूक दाबून तासभर रिकामे ठेवले. त्यानंतर माळ हलली नाही.

मेणबत्त्यांवरून आपलं वाजलं. मला त्या हव्याच होत्या. तुम्ही वाद न घालता मोजपट्टी पुढे केलीत. ज्योतीपासून पेट घेईल अशी कुठलीही वस्तू निदान 30 सेंटिमीटर लांब हवी. माझी मेणबत्ती 20 सेंटिमीटर उंच, म्हणजे कपाटाचा तळ राहिला 25 वर. हिशेब संपला. वर तुम्ही ऐकवलंत की 1882 मध्ये न्यूयॉर्कला एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं घरच्या झाडावर 80 विजेचे दिवे लावले, आणि त्याआधी झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावून लोक शेजारी पाण्याची बादली भरून ठेवत. "तुझ्या ओट्यावर बादलीला जागा आहे का?" यावर काय बोलणार!

कोपऱ्यासाठी तुम्ही दिलेला ट्रे हा सगळ्यात साधा उपाय, आणि तोच माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. तीन वस्तू ट्रेमध्ये, ट्रे कोपऱ्यात. ओटा पुसायचा तर एका हातानं ट्रे उचलायचा. पूर्वी मी अकरा वस्तू एकेक करून हलवायचे, म्हणून डिसेंबरभर पुसायचेच नाही.

संत्र्याच्या चकत्यांची ती दुपार मला अजून आठवते. तुम्ही अर्धा सेंटिमीटर जाडीच्या कापल्यात, फडक्यानं टिपल्यात आणि ओव्हन 100 अंशांवर ठेवलात. मी उष्णता वाढवायला गेले तर हातावर चापट. चार तास लागले, मध्ये दोनदा उलटल्या. मग तुम्ही एक चकती खिडकीपुढे धरलीत. गर काचेसारखा झाला होता, प्रत्येक फाकेची शीर वेगळी दिसत होती, कडेला साल गडद तांबूस. दोरा ओवून सात चकत्या खिडकीच्या दांडीला बांधल्या. सकाळी ऊन येतं तेव्हा ओट्यावर नारिंगी डाग पडतात. पाहुणे त्या डागांवर हात फिरवून बघतात.

पॉइन्सेटियाचं, म्हणजे नाताळात मिळणाऱ्या त्या लाल झाडाचं, मात्र माझ्याकडून वाटोळं झालं. लाल दिसतात ती फुलं नाहीत, पानंच आहेत, खरी फुलं मधली बारीक पिवळी, एवढं तुम्ही सांगून गेलात. मी कुंडी शेगडीजवळच्या खिडकीत ठेवली: एका बाजूनं गरम वाफ, दुसऱ्या बाजूनं गार वारा. आठवड्यात पानं गळाली. यंदा ती बाहेरच्या खोलीत राहील आणि ओट्याच्या ट्रेमध्ये रोझमेरीची छोटी कुंडी, कातरून झाडासारखी निमुळती केलेली. फांदी तोडून स्वयंपाकात टाकता येते. हे माझं स्वतःचं डोकं, तुमचं नाही, हे नोंदवून ठेवते.

आणखी एका बाबतीत मी तुमचं ऐकलं नाही. तुम्ही म्हणालात, रिबीन एकाच रंगाची घे, छोट्या जागेत दोन रंग भांडतात. मी बरणीला लाल आणि लाकडी चमच्यांच्या भांड्याला हिरवी बांधली. भांडतात थोडी. मला आवडतं. पण हात पुसायचं लाल फडकं मात्र तुमच्याच सांगण्यावरून ओव्हनच्या दांडीवर आहे. जागा शून्य, आणि खोलीत शिरल्यावर डोळा आधी तिथेच जातो.

काकू, सजावट करून देणारे बरेच भेटतात. माझ्या हाताकडे तासभर बघत बसणारं कुणी भेटलं नव्हतं. गेल्या डिसेंबरात त्या ओट्यावर मी पंचवीस माणसांपुरती बिस्किटं लाटली आणि एकदाही काही बाजूला सरकवावं लागलं नाही.

सहा पट्ट्या मी काढल्या. ओल्या चमच्याची सातवी अजून तशीच आहे, पिवळी पडलेली. तुमची मोजपट्टीही माझ्याकडेच आहे, सिंकखालच्या खणात. 6 जानेवारीला सगळं उतरवते, तेव्हा खाली या. मोजपट्टी देते. ट्रे देणार नाही.

तुमची,
खालच्या मजल्यावरची