ग्रहणाच्या रात्री मदतीला आलेल्या अनोळखी मंडळींचे आभार

7 सप्टेंबर 2025 रोजी, भाद्रपद पौर्णिमेच्या रात्री, खग्रास चंद्रग्रहण पाहण्यासाठी आम्ही पाच हौशी आकाशनिरीक्षक सासवडजवळच्या एका माळावर गेलो होतो. त्या रात्री ज्यांनी आम्हांला मदत केली आणि ज्यांची नावे विचारण्याचेही भान आम्हांला राहिले नाही, त्यांचे हे जाहीर आभार.

खंडग्रास अवस्था 9 वाजून 57 मिनिटांनी सुरू होणार होती आणि साडेनऊला आमची गाडी चिखलात रुतून बसली होती. शेतावरून परतणाऱ्या दोन तरुणांनी चाकांखाली उसाचे पाचट घालून ती बाहेर काढली आणि पैसे पुढे करताच ते हसून निघून गेले. पावसाची सर आली तेव्हा वस्तीवरच्या आजींनी दुर्बिणीवर टाकायला खताची रिकामी गोणी आणून दिली. समोरच्या शेडच्या राखणदारांनी तर आम्ही न सांगताच हॅलोजनचा दिवा मालवला, याचे विशेष अप्रूप वाटले.

खग्रास अवस्था 82 मिनिटांची होती. त्यांतली जेमतेम दहा मिनिटे, पावणेबाराच्या सुमारास, ढग बाजूला झाले आणि पृथ्वीच्या वातावरणातून वळलेल्या लालसर प्रकाशात न्हालेला तांब्याच्या रंगाचा चंद्र आम्हांला दिसला. ग्रहणात स्वतः पाण्याचा घोटही न घेणाऱ्या त्या आजींनी दीड वाजता, मोक्षानंतर, सर्वांसाठी चहा ठेवला. गोणी आमच्याकडेच राहिली आहे. ती परत करायला आम्ही येत आहोत.