पानगळीनंतरचा पूल

अ‍ॅस्टोरिया, न्यू यॉर्क
मार्चचा दुसरा रविवार

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

या पत्रासोबत बारा फोटो छापून पाठवत आहे. तुम्ही मागितले होते लाल-पिवळ्या पानांचे. त्यांतले दोनच आहेत, आणि सहा आहेत जानेवारी-फेब्रुवारीचे, ज्यांत झाडाला औषधालाही पान सापडणार नाही. पाकीट उघडून तुम्ही आईला "हिने हे काय पाठवले" म्हणण्याआधी त्याचे कारण लिहिते.

गेल्या मार्चमध्ये तुम्ही फोनवर बजावले होते की भटकत फोटो काढू नकोस, एक जागा धर आणि वर्षभर सोडू नकोस. मी अ‍ॅस्टोरिया पार्कमधली जागा धरली. आमच्या घरापासून ती पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे. ही सुमारे ६० एकरांची बाग एकोणिसाव्या रस्त्याकडून ईस्ट रिव्हरच्या काठापर्यंत उतरत जाते. त्या उतारावर पाण्याकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला ट्रायबरो पूल आणि उजव्या हाताला हेल गेटचा रेल्वेपूल असतो. ट्रायबरो १९३६ चा, आणि बागेतला अवाढव्य पोहण्याचा तलावही त्याच वर्षीचा. हेल गेट त्याहून जुना, १९१७ साली वाहतुकीला खुला झालेला. गुस्ताव्ह लिंडेनथाल यांनी उभारलेली त्याची पोलादी कमान १,०१७ फुटांची आहे आणि तिच्यावरून बॉस्टनला जाणाऱ्या गाड्या धावतात. मी ठरवले की दर रविवारी दुपारी चार वाजता, त्याच बाकाच्या मागे उभे राहून, याच कमानीचा फोटो घ्यायचा.

पहिली अडचण घड्याळाचीच आली. इथे मार्चमध्ये घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरात मागे घेतात. आज पहाटेच ती पुढे गेली. म्हणजे घड्याळाचे चार आणि उन्हाचे चार यांचे वर्षातले आठ महिने जुळत नाही. शेवटी मी उन्हाची बाजू घेतली आणि उन्हाळाभर पाच वाजता जाऊ लागले. पण त्यानेही सर्व काही सारखे राहिले नाही. रत्नागिरीत मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. ऑगस्टातला तो दिवस ढगांमुळे आपल्याला सहसा दिसत नाही, एवढेच. इथे तो डोक्यावर कधीच येत नाही. जूनमध्ये भर दुपारी जेमतेम ७३ अंश चढतो आणि डिसेंबरात २६ अंशांवरच थांबतो, त्यामुळे त्या महिन्यात माझी सावली दुपारी बारालाही माझ्या दुपटीहून लांब पडते. मावळण्याची जागाही सरकते: डिसेंबरात डावीकडे, मॅनहॅटनच्या इमारतींमागे साडेचारच्या आतच तो बुडतो, आणि जूनमध्ये बराच उजवीकडे, साडेआठला. पहिल्या तीन महिन्यांतच मला कळून चुकले की मी जागा धरली असली तरी ऊन कोणाच्या धरण्यातले नाही.

आता तुमच्या पानांविषयी. एप्रिल-मे मध्ये झाडे एकदम भरतात. आमच्या गल्लीतली कॅलरी पेअरची झाडे आधी पांढरीशुभ्र फुलतात. फोटोत ती अप्रतिम दिसतात, पण जवळ गेले की वास थेट वाळत घातलेल्या बांगडा मासळीचा येतो, आणि मला मिरकरवाड्याच्या मासळी बंदराची आठवण होते. जून उजाडेपर्यंत माझ्या बाकासमोरच्या ओकवृक्षांनी पूल जवळजवळ गिळून टाकला. क्रमांक चार पाहा: कमानीचा वरचा कणा तेवढा दिसतो, बाकी सगळे हिरवे, आणि हिरवळीवर सतरंज्या पसरून बसलेली माणसे. फोटो वाईट नाही, पण तो कुठल्याही बागेचा असू शकतो.

ऑक्टोबरची मी फार वाट पाहिली होती. पाने पेटल्यासारखी लाल झाली, लोक गाड्या करून फोटो काढायला आले, आणि मी छापून पाहिले तेव्हा लक्षात आले की त्या लालाने पुलाला मारून टाकले आहे. याला कारण आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात या पुलाला एक खास गडद लाल रंग लावला होता, पण काम पूर्ण होण्याआधीच तो विटू लागला, आणि आता जागोजागी तो धुवून धुवून गेलेल्या अलवणासारखा दिसतो. ताज्या लाल पानांशेजारी असा रंग ठेवला तर त्याचे काय होणार, हे तुम्ही मला सांगायला नको. लग्नाच्या फोटोत शालू नेसलेल्या नवरीशेजारी जुन्या लाल लुगड्यातली आजी उभी राहिली की तुम्ही तिला हळूच दुसऱ्या टोकाला नेत असा. इथे पूल हलवता येत नव्हता.

मग नोव्हेंबरअखेर पाने गेली आणि एका रविवारी सगळी कमान एकदम समोर आली, खालपासून वरपर्यंत, एकेक आडवा-तिरपा गज मोजता येईल अशी. डिसेंबरातले ऊन इतके तिरपे येते की मावळतीआधीचा अर्धा तास तो विटलेला रंग पुन्हा लाल होतो. क्रमांक आठमध्ये तोच आहे. मी त्यात रंग वाढवलेला नाही.

पानांआड लपलेले पाणीही हिवाळ्यातच दिसते. नावात नदी असली तरी ही ईस्ट रिव्हर नदी नव्हे, दोन समुद्रभागांना जोडणारी सामुद्रधुनी आहे. दोन्ही टोकांना भरतीची वेळ वेगळी असल्यामुळे या अरुंद जागी पाणी ओढून नेल्यासारखे धावते. जहाजे फुटत म्हणून इथले खडक सुरुंग लावून फोडले. १८८५ च्या ऑक्टोबरात तर एकाच वेळी तीन लाख पौंडांच्या आसपास स्फोटके उडवली होती. तरीही भोवरे आहेतच. उधाणाच्या आणि भांगाच्या पाण्यातला फरक तुम्ही मला भाट्याच्या खाडीवर दाखवला होता, तो इथे उपयोगी पडला. आता मी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून निघते, म्हणजे चारच्या सुमारास ओढ जोरात असलेले रविवार आधीच कळतात. फेब्रुवारीतल्या क्रमांक दहामध्ये कमानीखाली ताणलेल्या चादरीसारख्या सुरकुत्या दिसतात, ते ओहोटीचे पाणी आहे.

बर्फाचे पहिले फोटो सपशेल फसले. कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर विसंबले आणि बर्फ राखेसारखा आला. मग पांढऱ्या झब्ब्यातल्या नवरदेवांसाठी तुम्ही काय करत होता ते आठवले, कॅमेऱ्यात शिरणारा उजेड दीड स्टॉपने वाढवला आणि काम झाले. त्याच दिवशी गारठलेला कॅमेरा घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरले, तर लेन्स आतूनबाहेरून धुक्याने भरली आणि खिडकीतून दिसणारा सोनेरी उजेड हातचा गेला. आता बाहेरच त्याला पिशवीत घालून तोंड घट्ट बांधते आणि तासभर तसाच राहू देते. आपल्याकडे पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून तुम्ही लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवत होता, त्यावरून आई किती चिडायची!

गल्लीतले दोनच फोटो पाठवते आहे. एक गेल्या एप्रिलमधल्या गुड फ्रायडेच्या रात्रीचा. हा भाग जुना ग्रीक वस्तीचा आहे. फुलांनी मढवलेला येशूचा प्रतीकात्मक शवमंच खांद्यावर घेऊन लोक मेणबत्त्यांसह रस्त्यातून जातात. शिमग्याची पालखी नाचते, ही मात्र अगदी संथ चालते. पण खांदा बदलताना होणारी कुजबुज तीच.

दुसरा शेजारच्या आजोबांच्या अंगणातल्या अंजिराचा. थंडीने मरू नये म्हणून ते झाडाच्या फांद्या सुतळीने आवळतात, त्यावर जुनी घोंगडी आणि ताडपत्री गुंडाळतात, आणि पाणी आत जाऊ नये म्हणून शेंड्यावर प्लास्टिकची बादली पालथी घालतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला अंगणात कोणीतरी टोपी घालून उभे आहे असेच वाटले. आमच्या पुरंदरला अंजीर उघड्यावर पिकते असे मी सांगितले, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी थापाच मारते आहे. ते एप्रिलमध्ये ताडपत्री सोडतील. त्या दिवशी मला हाक मारायचे त्यांनी कबूल केले आहे.

प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने तारीख, वेळ आणि भरती की ओहोटी ते लिहिले आहे. क्रमांक अकराच्या डाव्या कडेला दिव्याचा अर्धा खांब आला आहे. तो कापला तर ट्रायबरोचे टोकही जाते. काय करावे ते रविवारी फोनवर सांगा. आजपासून मी साडेनऊ तास मागे आहे, त्यामुळे तुमचा रात्रीचा चहा झाल्यावर केलात तरी चालेल.

आईस नमस्कार.

आपली,
धाकटी