डाइंग मास्तर, पाणी वेगवेगळं दिल्याबद्दल आभार

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या डाइंग मास्तरांना,

सप्रेम नमस्कार.

टॉवेलच्या रंगाईचं सगळं सांडपाणी एकाच हौदातून न भरता तुम्ही रंगाच्या बाथचं, पहिल्या धुण्याचं आणि सोपिंगचं (रंगाईनंतर साबणाने धुण्याचं) पाणी वेगवेगळ्या कॅनमध्ये दिलंत. मीठ किती, सोडा किती, तेही सांगितलंत. मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण नॅनोट्यूबवर, म्हणजे उन्हात सांडपाण्यातला रंग तोडणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या पावडरवर, काम करणाऱ्या इतरांनाही या वेगळेपणाचं मोल कळायला हवं.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या नळ्या करण्याची रीत ठरलेली आहे. लिटरला 400 ग्रॅम कॉस्टिक सोडा, त्यात पावडर, टेफ्लॉनचं भांडं, 110 ते 130 अंश, साधारण 24 तास. काचेचं भांडं नको, कॉस्टिक काच खातं. त्यानंतर सौम्य आम्लाने आणि पाण्याने भरपूर धुवायचं, कारण सोडियम राहिलं तर भाजताना स्फटिकाचं हवं ते अ‍ॅनाटेस रूप नीट बनत नाही. मग युरिया मिसळून 400 ते 450 अंशांवर दोन तास भाजायचं. 500 च्या पुढे नळ्या कोसळू लागतात. युरियातला नायट्रोजन हवा असतो तो उन्हासाठी: शुद्ध अ‍ॅनाटेस 388 नॅनोमीटरच्या आतला अतिनील प्रकाशच घेतं आणि सूर्यप्रकाशात तो शेकडा चार-पाचच असतो.

खरी अडचण पाण्यात आहे. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात विरघळवलेला रंग झटकन उडतो. तुमच्या बाथमध्ये मात्र रिअ‍ॅक्टिव्ह रंगाबरोबर लिटरमागे मूठभर मीठ आणि वर सोडा असतो. उन्हात पावडरवर तयार होऊन रंग तोडणारे जे हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे फार आक्रमक कण, त्यांना सोड्यातलं कार्बोनेट आणि मिठातलं क्लोराइडच खाऊन टाकतात. शिवाय सोड्यामुळे पीएच 10 च्या वर जातो. तिथे नळ्यांच्या पृष्ठभागावर ऋण भार, रंगावरही ऋण भार, मग रंग जवळ येणार कसा? म्हणून खारट बाथ बाजूला ठेवून सोपिंगचं पाणी घेणं हाच शहाणपणाचा मार्ग, आणि तो तुमच्यामुळे सापडला.

त्या पाण्याचा पीएच सौम्य गंधकाम्लाने हळूहळू 4 ते 5 वर आणायचा. फेस येतो तो कार्बोनेट निघून जाण्याचा, म्हणजे दुहेरी फायदा. लिटरला एक ग्रॅम पावडर, अर्धा तास अंधारात ढवळणं, मग उथळ ट्रेमध्ये ऊन. अंधारातला अर्धा तास टाळला तर नुसता चिकटलेला रंग तुटल्यासारखा दिसतो. तुलनेसाठी पावडरशिवाय एक ट्रे उन्हात ठेवायलाच हवा. शेवटी पीएच 6 ते 7 वर आणला की पावडरवरचा भार जवळजवळ संपतो, कण एकत्र येऊन खाली बसतात आणि पावडर पुन्हा वापरता येते. ती गटारात जाऊ द्यायची नाही.

रंग गेला म्हणजे पाणी स्वच्छ झालं, असं मात्र धरू नका. अ‍ॅझो बंध, म्हणजे रंग देणारा दोन नायट्रोजनमधला जोड, आधी तुटतो, बाकीचे तुकडे पाण्यातच राहतात. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण जाळायला किती ऑक्सिजन लागतो तो आकडा, तपासायलाच हवा, आणि मिठाच्या पाण्यात मर्क्युरिक सल्फेट घालूनच. नाहीतर क्लोराइडमुळे आकडा खोटा फुगतो.

तेव्हा पुढच्या कॅनवर एवढं लिहून द्याल का: शेड कोणती, साधं मीठ की ग्लॉबर (सोडियम सल्फेट), आणि सोपिंगला साबण कोणता.

तुमचे,
पाण्याच्या नमुन्यांवर काम करणारे आम्ही
सोलापूर