ओपन रेल्स घडवणाऱ्यांस: ब्रेक सोपे न केल्याबद्दल आभार

ओपन रेल्सच्या सर्व स्वयंसेवकांस,
स. न. वि. वि.

मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर रेल्वेगाडी चालवण्याचा खेळ, २००१ साली आला. जगभरच्या हौशी मंडळींनी त्यासाठी मार्ग, इंजिनं, डबे घडवले, पण त्या खेळाची पुढची आवृत्ती जाहीर होऊनही बाजारात कधी आलीच नाही. ते सगळं काम जुन्या संगणकांबरोबर अडगळीत गेलं असतं. तुम्ही त्याच फाइली वाचणारं ओपन रेल्स हे नवं सॉफ्टवेअर लिहिलंत, ते खुलं ठेवलंत आणि कुणाकडून एक पैसाही घेतला नाहीत. त्याबद्दल आभार आहेतच. हे पत्र मात्र मुख्यतः ब्रेकसाठी आहे.

नवा माणूस कीबोर्डसमोर बसतो तेव्हा गाडी सुटणं हीच मोठी गोष्ट वाटते. ते फार अवघड नाही. शिफ्ट आणि अर्धविरामाची कळ दाबून हँडब्रेक सोडायचा, इलेक्ट्रिक इंजिन असेल तर पी दाबून वरच्या तारेतून वीज घेणारा पेंटोग्राफ वर करायचा, डब्ल्यूने दिशा ठरवणारा रिव्हर्सर पुढे घ्यायचा, नुसत्या अर्धविरामाने गाडीचे ब्रेक सोडायचे आणि डी दाबून इंजिनाचा जोर वाढवणारा थ्रॉटल एकेक खाच उघडायचा. मोटरांना जाणारा विद्युतप्रवाह दाखवणाऱ्या अँमीटरचा काटा स्थिरावल्याशिवाय पुढची खाच घेऊ नये. घाई केली की चाकं जागीच फिरतात. मग ए दाबून थ्रॉटल कमी करायचा आणि एक्स दाबून रुळांवर वाळू सोडायची. थ्रॉटल उघडा असताना दिशा बदलत नाही, हे लक्षात न आल्यानं कित्येक जण कळ बिघडली असं समजतात.

गाडी थांबवताना मात्र खरी परीक्षा. मोटारीच्या सवयीनं माणूस एकेरी अवतरणचिन्हाची कळ दाबतो आणि लगेच पकड येईल अशी अपेक्षा करतो. तुम्ही तशी पकड दिली नाहीत, कारण खऱ्या गाडीत ती येत नाही. चालक गाडीभर गेलेल्या ब्रेकच्या नळीतली हवा बाहेर सोडतो. दाब उतरला की प्रत्येक डब्याखालचा व्हॉल्व्ह त्या डब्याच्या टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये घालतो. म्हणजे ब्रेक लागतात ते नळीतली हवा काढून आणि सुटतात ते पुन्हा भरून. नळीत ५ बार (बार हे दाबाचं एकक) दाब असलेल्या गाडीत साधारण अर्धा बार उतरवला की पहिली पकड येते आणि ३.५ बारला पूर्ण ब्रेक लागतो. त्याखाली चालकानं आणखी थोडी हवा सोडली तरी जोर वाढत नाही, फक्त पुन्हा भरायला वेळ जास्त लागतो. अमेरिकी मालगाडीत हाच हिशेब ९० पीएसआयपासून (पीएसआय हे दाबाचं तिकडचं एकक) सुरू होतो आणि सुमारे २६ पीएसआय उतरवल्यावर संपतो.

या एका गोष्टीतून नवशिक्याच्या बहुतेक चुका समजतात. लांब उतारावर तो ब्रेक जोरात लावतो, वेग फार पडला म्हणून सोडतो, गाडी पळू लागली की पुन्हा लावतो. मालगाडीच्या साध्या व्हॉल्व्हमध्ये ब्रेक अर्धवट सैल करता येत नाहीत, सुटले की पूर्ण सुटतात. शिवाय डब्यांच्या टाक्या भरायला वेळ लागतो. न भरलेल्या टाक्यांवर तिसऱ्यांदा ब्रेक लावला की हाताशी उरते ती नावापुरती पकड, आणि उतार तर अजून बाकी असतो. उपाय असा: उताराच्या माथ्यावरच वेग कमी ठेवायचा, इंजिनाला डायनॅमिक ब्रेक (हवेऐवजी इंजिनाच्या मोटरांनी गाडी रोखणारा) असेल तर आधी तो वापरायचा आणि नळीचा दाब थोडासाच उतरवून तसाच धरून ठेवायचा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये टाक्या खरोखर रिकाम्या होतात, म्हणून हा धडा शिकता येतो. ब्रेक नेहमी तेवढेच लागत राहिले असते तर कुणी शिकलंच नसतं.

आणि हे सगळं डोळ्यांना दिसेल अशी सोय केलीत, त्याबद्दल वेगळे आभार. एफ ५ दाबलं की आकड्यांची पट्टी येते. शिफ्ट धरून एफ ५ दाबत गेलं की ब्रेकचं पान सापडतं आणि तिथे डब्यागणिक दाब मांडलेला असतो. लांब मालगाडीत इंजिनाचा आकडा भरलेला दिसतो, पण शेवटच्या डब्याचा मागे रेंगाळत असतो. तो वर येईपर्यंत थ्रॉटल उघडू नये. शेपटीचे ब्रेक आवळलेले असताना पुढून ओढ दिली की ताण डबे जोडणाऱ्या कपलरवर येतो, आणि कपलर तुटण्याचा पर्याय चालू असेल तर गाडीचे दोन तुकडे होतात. नवशिक्यानं पहिल्या आठवड्यात एवढं एकच पान उघडं ठेवलं तरी पुष्कळ.

एफ ४ ची खिडकीही तितकीच मोलाची आहे: पुढचे सिग्नल, वेगमर्यादा, स्टेशन आणि प्रत्येकाचं अंतर. त्यातला अंदाजी वेग, म्हणजे वेग आत्ताच्याच दरानं बदलत राहिला तर मिनिटभरानं किती असेल तो आकडा, ब्रेक कमी पडतोय की जास्त हे आधीच सांगतो. दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद वेग उतरत असेल, तर ताशी ६० किमी वेगावरून थांबायला सुमारे २८० मीटर लागतात आणि १२० वरून सुमारे १,१०० मीटर. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं. फलाट दिसल्यावर ब्रेकला हात घालणारा पुढे निघून जातो, तो यामुळेच. फलाटाच्या अलीकडच्या टोकाला वेग ४० च्या खाली आलेला असावा, म्हणजे उरलेलं अंतर हातात राहतं. लाल सिग्नलपाशी मात्र थांबायचंच. टॅब दाबून पुढे जाण्याची परवानगी मागता येते.

डबे जोडताना लोक हमखास अडतात. धक्का बसून कपलर अडकला की काम झालं असं वाटतं, आणि मग गाडी हलत नाही. उभ्या डब्यांचे हँडब्रेक लागलेले असू शकतात, हवेच्या नळ्या जोडलेल्या नसतात. एफ ९ दाबून डब्यावर क्लिक केलं की हँडब्रेक, नळी आणि नळीच्या टोकाचे कॉक (हवेची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या तोट्या) तिथेच मिळतात. मधला एकही कॉक बंद राहिला तर त्यामागच्या डब्यांना हवा पोचत नाही. फार गोंधळ झाला तर शिफ्ट आणि तिरक्या रेघेची कळ ब्रेक पूर्ववत करते. सरावाला ती सूट जरूर घ्यावी.

गाडीत बसण्याआधीच हिरमुसणारेही बरेच असतात. मार्ग उतरवून घेतला, पण यादीत दिसत नाही. ऑप्शन्समध्ये फोल्डर निवडताना ज्याच्या आत ग्लोबल, रूट्स आणि ट्रेन्स हे फोल्डर आहेत तो निवडायचा. रूट्सच निवडला तर काही सापडत नाही. मार्ग उघडला पण रूळ गायब, तर ग्लोबलमधली रुळांच्या मापांची टीसेक्शन फाइल जुनी असते किंवा रुळांचे आकार कमी असतात. तुम्ही डेस्कटॉपवर ठेवता त्या लॉग फाइलमध्ये हरवलेल्या फाइलचं नाव लिहिलेलं असतं. ती उघडण्याची सवय लागली की अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

सुरुवातीलाच वाफेचं इंजिन घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. फायरमनचं काम तुम्ही आपोआप होईल असं ठेवलंत हे बरं केलंत, तरी वाफ आणि पाण्याचा मेळ राखणं हे दुसऱ्या महिन्याचं काम. आधी डिझेल इंजिन, मागे पाच डबे आणि एक्सप्लोर पद्धत: कोरडं हवामान, दिवसाउजेड, वेळापत्रकाची टांगती तलवार नाही. एफ २ नं जतन करून तेच स्टेशन दहादा गाठावं. अगदीच धास्ती वाटत असेल तर साध्या नियंत्रणाचा पर्यायही तुम्ही ठेवला आहेच, आणि तो डोक्यावर न लादता बाजूला ठेवलात हे आम्हांला फार आवडतं.

शेवटी, सॉफ्टवेअरबरोबर येणारी जाडजूड पुस्तिका लिहिणाऱ्यांनाही नमस्कार पोचवा. तिच्यातलं ब्रेकचं प्रकरण आम्ही नव्या माणसाला सगळ्यांत आधी वाचायला देतो.

कळावे, लोभ असावा.

आपले,
पडद्यावरची गाडी चालवणारे आम्ही सारे