भविष्याच्या चित्रात विडी कामगार कुठे?

महोदय,

‘उद्याचे आरोग्य’ या विषयावरील चित्रांची ओळख करून देणारा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. मनगटावरील घड्याळ नाडी मोजते, जनुके पाहून औषध ठरते आणि माणूस पहाटे धावायला जातो, ही कल्पना सुखद आहे; परंतु आरोग्य म्हणजे ज्याची त्याची सवय, असे तिच्यात गृहीत धरलेले दिसते. आमच्या निपाणी परिसरात पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळणाऱ्या स्त्रिया स्वतः विडी न ओढताही तंबाखूची धूळ श्वासात घेतात आणि मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसतात. त्यांना रोज दहा हजार पावले चालायला सांगणारे घड्याळ (मिळालेच तर) कोणत्या उपयोगाचे? तंबाखूजन्य उत्पादनांच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग २०१६ पासून सचित्र इशाऱ्याने व्यापलेला असतो, पण तो इशारा ओढणाऱ्यासाठी आहे, वळणारीसाठी नाही. उपचार खरोखर व्यक्तीनुरूप व्हायचे असतील, तर रुग्णाच्या नोंदीत जनुकांच्या आधी तिचा व्यवसाय, कामाचे तास आणि मजुरी यायला हवी. चित्रकारांनी पुढील चित्रासाठी निपाणीतील एखाद्या ओसरीवर दिवसभर बसून पाहावे, ही विनंती.

— एक वाचक, निपाणी (जि. बेळगाव)