एकतालाचं घड्याळ

नाशिक, रविवार दुपार

प्रिय पक्या,

फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच हसला असतास, म्हणून लिहितोय. मी घड्याळ घ्यायला निघालो होतो, खरंच, पन्नाशीचं स्वतःलाच गिफ्ट, आणि डोक्यात एकच की गाण्याशी नातं असलेलं काहीतरी पाहिजे.

आठवडाभर मोबाईलवर तेच बघत होतो. जिनिव्हाची रेमंड वील कंपनी आहे, 1976 सालची, त्यांच्या घड्याळांची नावंच नाबुको, पार्सिफाल, टोकाटा, माएस्ट्रो अशी. एकाची तर डायलच चेलोसारखी, वरून तारा ताणलेल्या. देखणी आहेत रे, खोटं कशाला बोलू, पण माझं मन काही बसेना. तारा आहेत पण वाजत नाहीत, म्हणजे शोकेसमधला तानपुराच की. (आपल्या टायटनने बरं केलं, डायलला हात न लावता जाहिरातीत मोझार्टची 25वी सिम्फनी घातली, ती धून अजून कानात आहे.)

खरं गाणारं घड्याळ म्हणजे बुलोव्हाचं अ‍ॅक्युट्रॉन, 1960 चं. आत चक्क ट्यूनिंग फोर्क, सेकंदाला 360 वेळा थरथरणारा, त्यामुळे टिकटिक नाहीच, कानाला लावलं की बारीक गुणगुण. मी लगेच पेटी काढली, 360 कुठे बसतं बघायला, तर पांढरी चार आणि काळी तीन या पट्ट्यांच्या बरोब्बर मधे! म्हणजे कुठल्याच गवयाच्या कामाचं नाही. खूप हसलो.

आता मुद्दा. पाडव्याला पहाटे पिंपळपारावर बसलो होतो, थंडी मरणाची, विलंबित ख्याल चालू, एकताल. हातात बाबांचं चावीचं एचएमटी, सहज सेकंदकाट्याकडे लक्ष गेलं तर समेला, म्हणजे तालाचा फेरा जिथून सुरू होतो तिथे, काटा 12 वर, पुढच्या समेला परत 12 च्या आसपासच! अतिविलंबितात, म्हणजे अगदी संथ लयीत, तालाचं एक आवर्तन मिनिटभराचं होतंच म्हणा, पण डायलवर आकडे 12 आणि एकतालाच्या मात्राही 12, हे इतकी वर्षं हातात बांधून फिरलो आणि दिसलं नाही. पाच सेकंदांची एक मात्रा, एचएमटी सेकंदाला 5 टिकटिक करतं, म्हणजे मात्रेत 25. तू तबलजी, तुला तरी सुचायला हवं होतं की नाही?

मग काय, नवं घड्याळ कॅन्सल. एक जुनी डायल मिळवली, रविवार कारंजाजवळ एक घड्याळवाले काका आहेत त्यांना सांगितलं आकडे नकोत, एकतालाचे तबल्याचे बोल पाहिजेत, धिं धिं धागे तिरकिट तू ना क त्ता धागे तिरकिट धी ना. काकांनी चष्म्यावरून असं बघितलं ना की विचारू नकोस. प्रिंटिंग त्यांनी बाहेरून करून आणलं. तिरकिट एवढ्याशा जागेत कसं मावलं देव जाणे, पण मावलं, भिंगातून बघितलं तर वेलांट्यासुद्धा नीट. फक्त त्या प्रिंटवाल्याने दोन्ही धिं चे घिं केलेत. घिं घिं धागे तिरकिट! माशी अडकल्यासारखं वाटतंय. सहाशे रुपये गेले, परत छापायचे अजून वेगळे. बाबांची मूळ डायल काकांनी डबीत ठेवलीय, ती हलवू देणार नाही म्हणालो.

पण परत छापायच्या आधी तुझं मत पाहिजे. मी सम 12 वर ठेवलीय, मिनिट तिथूनच सुरू होतं ना. काका म्हणतात सम 1 वर हवी, पहिली मात्रा पहिल्या आकड्यावर, साधा हिशोब. त्यांचं ऐकलं तर मिनिट ‘ना’ वर सुरू होणार, ते मला सहन होत नाही. पण माझं ऐकलं तर तालातली ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात सोडायची मात्रा, 2 आणि 6 वर येते, आणि कोणी किती वाजले विचारलं की मी मात्रेतून एक वजा करत बसणार. तू सांगशील तसं करतो, पण शनिवारच्या आत सांग, काका नंतर गावाला चाललेत.

वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा
बाळ्या