गॅरेजचा कोबा आणि नको तेव्हा घातलेलं पाणी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घर बांधायचं म्हटलं की तुमच्या पुरवणीत किचन, टाइल्स, रंग, फॉल्स सीलिंग सगळ्यावर भरभरून छापून येतं पण गॅरेजच्या फरशीबद्दल कधी चार ओळी वाचल्याचं आठवत नाही. तिथे काय, कोबा मारायचा आणि गाडी उभी करायची, असंच सगळ्यांना वाटतं आणि मलाही तसंच वाटायचं, म्हणून तर एकाच गॅरेजचा कोबा दोनदा करायची वेळ आली.

पहिला कोबा एका दिवसात झाला. माल इतका पातळ होता की ओतल्यावर आपोआप पसरत गेला, मिस्त्री म्हणाला बघा कसा लेव्हलला बसतोय, आणि मी खुश. वर पाणी तरंगायला लागलं तेव्हा त्याने कोरं सिमेंट शिंपडून थापी मारली, आरशासारखं चकाचक झालं. दुसऱ्या दिवशी दोन बादल्या पाणी मारलं आणि चौथ्या दिवशी गाडी आत. वर्षभरात पापुद्रे निघायला लागले, दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली, आणि रोज झाडलं तरी रोज राखाडी पूड. मिस्त्रीला दोष देऊन मोकळं होता येईल पण समोर उभा राहून वाहवा करणारा मीच होतो.

नंतर चार जाणत्यांना विचारून, वाचून जे कळलं ते असं की भानगड सगळी पाण्याची आहे. सिमेंटला घट्ट व्हायला स्वतःच्या वजनाच्या जेमतेम पाव भाग पाणी रासायनिक क्रियेत लागतं, माल कालवता यावा म्हणून आपण ते वाढवून साधारण निम्म्यापर्यंत नेतो, म्हणजे 50 किलोच्या गोणीला 25 लिटर. आणि यातच वाळूतला ओलावा पण धरायचा असतो हे कोणी सांगत नाही! 1:1.5:3 च्या मिक्सला, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी, गोणीमागे वाळू साधारण 80 किलो लागते, ती 5 टक्के ओली असली तरी 4 लिटर पाणी आधीच आत गेलेलं असतं. त्याच्यावर बादलीने अंदाजपंचे ओतत राहिलं की जास्तीचं पाणी नंतर उडून जातं, मागे बारीक भोकं राहतात, कोबा आक्रसतो आणि चिरतो. वर तरंगलेलं पाणी कोरं सिमेंट टाकून शोषून घेतलं की फक्त वरची साल गुळगुळीत होते, खाली धरत नाही, तेच ते पापुद्रे. खरं तर वर तरंगणाऱ्या पाण्याची चमक आपोआप जाईपर्यंत हात बांधून बसायचं आणि मगच रंधा-थापी फिरवायची, तासभर लागो नाहीतर तीन तास.

म्हणजे गंमत बघा, ओतताना जिथे पाणी कमी हवं तिथे आपण हात सैल सोडतो आणि नंतर जेव्हा भरपूर हवं तेव्हा दोन बादल्यांत आटोपतो. कोबा वाळून पक्का होत नाही, ओला राहून होतो. निदान 7 दिवस, कडक ऊन-वारा असेल तर 10, गोणपाट टाकून ते सतत ओलं ठेवायचं किंवा कडेने मातीची आळी करून पाणी साठवायचं. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून मधल्या वेळात कोबा कोरडा पडत असेल तर त्याला क्युरिंग म्हणत नाहीत.

दुसऱ्या वेळी जुनं सगळं फोडलं तेव्हा अजून एक उलगडा झाला, चीर जिथे होती तिथे खाली भराव नुसता टाकलेला, दाबलेलाच नव्हता, बोट घातलं तर आत जात होतं. आता 15-15 सेंटीमीटरचे थर घालून पाणी मारत धुम्मस केली, वर 10 सेंटीमीटर खडी ठोकून बसवली, त्यावर जाड प्लास्टिक म्हणजे जमिनीची ओल वर येत नाही. गॅरेज 3 बाय 6 मीटर, जाडी 10 सेंटीमीटर, म्हणजे 1.8 घनमीटर काँक्रीट, सव्वाचार टनांच्या वर वजन. हे नुसत्या भुसभुशीत मातीवर ठेवून वर गाडी चढवायची आणि चीर का गेली म्हणून विचारायचं. ढाळ दाराकडे दिला, 100 ला 1, म्हणजे 6 मीटरला 6 सेंटीमीटर, चालताना कळतही नाही पण गाडी धुतलेलं पाणी बाहेर जातं.

काँक्रीटमध्ये घालायच्या लोखंडी जाळीचं पण एक सांगतो, ती जमिनीवर पसरून वर माल ओतला की तळाशीच राहते आणि तिथे तिचा काही उपयोग नाही, खाली ब्लॉक देऊन वरच्या तिसऱ्या भागात धरायला लागते. भिंतीला कोबा चिकटू नये म्हणून कडेने थर्मोकोलची पट्टी. आणि जॉइंट! काँक्रीट चिरणारच, मग आपण सांगू तिथे चिरू दे, म्हणून 6 मीटर लांबीत दोन कट घेतले, अडीच सेंटीमीटर म्हणजे जाडीच्या पाव भाग खोल, आणि ते पण 24 तासांच्या आत, कारण उशीर केला की काँक्रीट स्वतःच जागा निवडतं. कट मारताना घरातले म्हणाले नवीन कोबा कशाला कापताय.

तर माझी विनंती एवढीच की तुमच्या पुरवणीत एकदा या कोब्याचा छेद दाखवणारं चित्र छापा, खालून वरपर्यंत कुठला थर किती ते आकड्यांसकट, आणि त्यात गोणीला किती लिटर पाणी हे मोठ्या अक्षरात टाका म्हणजे ते कापून मिक्सरशेजारी लावता येईल, मिस्त्रीशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

आमच्या नव्या कोब्याचा आज बारावा दिवस आहे. गोणपाटं परवा काढली. हलकी गाडी आता आत घेतली तरी चालेल म्हणतात पण पूर्ण ताकद यायला 28 दिवस लागतात आणि माझी गाडी तोवर रस्त्यावरच उभी राहणार आहे, घरातले हसले तरी.

आपला,
एक नियमित वाचक